ताटासमोरची भीती

(महिला गटांच्या एक दिवसाच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे, पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

संयोजक बायकांनी मला सांगितलं, 'ताई, तुम्ही मधुमेहावर बोला.' मी म्हटलं, अगं, मी डॉक्टर नाही. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. पंचवीस-तीस वर्षं परित्यक्ता बायकांच्या पोटगीसाठी आणि रेशनकार्डांसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, तेवढंच माझं शिक्षण. मधुमेहाबद्दल मला इतकंच सांगता येईल की गेली अकरा वर्षं तो माझ्याकडे मुक्कामाला आहे. त्या म्हणाल्या, 'मग तेच सांगा.' म्हणून उभी आहे.

आधी जरा हात वर करा. इथल्या किती जणींना साखर आहे? किंवा घरात कुणाला आहे? बघा, बरेच हात आहेत. आता दुसरा प्रश्न. तुमच्यापैकी किती जणींना जेवायला बसताना भीती वाटते? (इथे थोडा वेळ शांतता होती. मग एकेक हात वर गेला.)

मला याच दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. पहिल्या प्रश्नाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाने देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा आता श्रीमंतांचा, शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग राहिलेला नाही. तो आपल्या वस्तीत आहे, शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईत आहे. पण साखर किती, गोळी कुठली, एवढ्यावर सगळं बोलणं संपतं. ती बाई ताटासमोर बसते तेव्हा तिच्या मनात काय चालतं, हे कुणी विचारत नाही. आपणही एकमेकींना विचारत नाही.

माझं निदान झालं तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत मी तीन-चार मिनिटं होते. ते म्हणाले, 'गोड बंद, भात बंद, बटाटा बंद, केळं-आंबा बंद. नाहीतर डोळे जातील, पाय कापावा लागेल.' हातात इंग्रजीत छापलेला एक कागद दिला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दोनच शब्द उरले, 'बंद' आणि 'कापावा'. आयुष्यभर मुलांना शिकवलं, की समजलं नाही तर हात वर करून विचारा. पण तिथे मी हात वर केला नाही.

मग मी आदर्श रुग्ण व्हायला लागले. आपल्याला सवयच असते ना, आदर्श व्हायची! आदर्श सून होऊन झालं, आदर्श शिक्षिका होऊन झालं, आता आदर्श रुग्ण. साखर मोजायचं यंत्र आणलं. वही घातली. आधी आठवड्यातून दोनदा बोट टोचत होते, मग रोज, मग दिवसातून आठ-दहा वेळा. एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. माझी पेन्शन आहे म्हणून जमलं. आकडा १४० आला की दिवस चांगला. १९० आला की मी वाईट बाई. मग दुपारचं जेवण अर्धं करायचं, रात्री नुसतं ताक प्यायचं. भाकरीकडे बघितलं तरी छातीत धडधडायचं. लग्नाला जाणं सोडलं, कारण तिथे आग्रह होतो. गटाच्या सहलीला जाणं सोडलं. वर्षभरात नऊ किलो वजन उतरलं. आणि गंमत बघा, सगळ्यांनी कौतुक केलं. 'किती छान बारीक झालात! काय कंट्रोल आहे तुमचा!' मी उपाशी आहे, घाबरलेली आहे, असं एकीच्याही लक्षात आलं नाही. बाईने कमी खाल्लं तर ते आजाराचं लक्षण वाटत नाही, गुण वाटतो.

पुढे इन्शुलिन सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी अर्धा तास. तेव्हाचा एक प्रसंग सांगते.

पुतणीचा साखरपुडा होता. सकाळी आकडा आला १७८. मी घाबरले. इन्शुलिन ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतलं, पण पोहे मात्र अर्धीच बशी खाल्ले, आकडा वाढू नये म्हणून. माझं इन्शुलिन मिश्र प्रकारचं. सकाळी टोचलेल्याचा एक भाग लगेच काम करतो आणि दुसरा दुपारी जोर धरतो. त्यामुळे दुपारचं जेवण लांबवून चालत नाही. हे मला माहीत होतं. जेवण एक वाजता होतं, मुहूर्त लांबला. दोन वाजता पुरुषांची पंगत बसली. मी मठ्ठा वाढत होते. अडीचला हात थरथरायला लागले, घाम फुटला. मला कळत होतं काय होतंय. भोवती जिलब्यांची ताटं होती, भात होता, सगळं होतं. नुसतं म्हणायचं होतं, 'मला आधी वाढा.' ते मी म्हटलं नाही.

मैत्रिणींनो, बायका सगळ्यांत शेवटी का जेवतात, उरलंसुरलं का खातात, यावर मी किती गावांत बोलले असेन याची गणती नाही. तीच मी, हातात मठ्ठ्याचं भांडं घेऊन, चारशे माणसांत, स्वतःसाठी एक वाक्य बोलू शकले नाही. भिंतीला टेकत खाली बसले. माझी जाऊ हुशार. मी शुद्धीवर आहे हे बघून तिने साखरेचं पाणी पाजलं आणि मला वाचवलं. मागे दोन बायका बोलत होत्या ते मला ऐकू आलं, 'जिलबी खाल्ली असणार चोरून, म्हणून चक्कर आली.'

त्या दिवसानंतर माझी भीती उलटी झाली. आता साखर वाढण्याची नव्हे, उतरण्याची भीती. रात्री दोनचा गजर लावून बोट टोचायचं. उशाशी बिस्किटं. ११० आकडा आला तरी घाबरून दोन-चार बिस्किटं खायची. सकाळी आकडा २४०. तो बघून पुन्हा दिवसभर उपास. खायचीही भीती आणि न खायचीही भीती. या दोन भिंतींमध्ये मी दीड वर्ष काढलं. घरात कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? 'मला भाकरीची भीती वाटते' असं सांगितलं तर लोक हसतील.

हे सगळं मी माझं दुःख म्हणून सांगत नाही. यातून बाहेर येताना काय काय कळलं, ते तुमच्या कामाचं आहे म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, या भीतीला नाव आहे. १९९५ साली अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह असणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. साखर किती, हे त्यात विचारलेलं नव्हतं. खाण्याची सतत काळजी वाटते का, पथ्य मोडलं की अपराधी वाटतं का, साखर उतरेल अशी धास्ती असते का, एकटं पडल्यासारखं वाटतं का, असं विचारलेलं होतं. मधुमेहासोबत जगण्याचा जो ताण येतो, तो वेगळा मोजायला पाहिजे, हा त्यामागचा विचार. हे मला एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी सांगितलं. माझी वही बघून त्या आकड्यांबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, 'काकू, तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?' मी तिथेच रडले. अकरा वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती.

दुसरी गोष्ट, भीतीचा आणि साखरेचा शरीरात खरोखर संबंध आहे. आपण घाबरतो तेव्हा शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. वाघ मागे लागला तर पळायला बळ हवं म्हणून ही सोय. पण वाघ म्हणजे आपल्या वहीतला आकडा असेल तर? आकड्याला घाबरायचं, त्या भीतीने आकडा वाढायचा, तो बघून आणखी घाबरायचं. रात्री झोप नाही, त्यानेही साखर वाढते. आणि आपण म्हणतो, 'मी तर काही खाल्लं नाही, मग वाढली कशी?' पाळीच्या आधीच्या दिवसांत काही जणींची साखर वाढते. ताप आला, दाढ दुखली, तरी वाढते. सगळा दोष ताटाचा नसतो आणि तुमचाही नसतो.

तिसरी गोष्ट, घाबरल्यावर आणि साखर उतरल्यावर शरीर सारख्याच खुणा दाखवतं. घाम, धडधड, थरथर. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघतात, तेव्हाही तसंच होतं. मग ओळखायचं कसं? जवळ यंत्र असेल तर मोजायचं. ७० च्या खाली असेल तर साखर खरोखर कमी आहे. यंत्र नसेल तर वाद घालत बसायचं नाही, साखर कमी आहे असं समजून साखर घ्यायची. एकदा जास्त साखर पोटात गेल्याने फारसं बिघडत नाही, पण खरोखर उतरलेली साखर थांबत नाही. आणखी एक. ज्यांची साखर बरेच दिवस तीनशेच्या आसपास राहिली आहे, त्यांची १२० वर आली तरी शरीराला ती उतरल्यासारखी वाटते. माझं रात्री तेच होत होतं. ११० म्हणजे उत्तम, पण माझं शरीर आरडाओरडा करत होतं. हे कळल्यावर निम्मी बिस्किटं सुटली. उरलेली निम्मी डॉक्टरबाईंनी रात्रीच्या इन्शुलिनची मात्रा थोडी कमी केली तेव्हा सुटली. मात्रा त्यांनी बदलली, मी नाही. स्वतःच्या मनाने गोळी-इंजेक्शन कमी-जास्त करू नका.

साखर उतरली तर काय करायचं, हे इथून जाताना पाठ करून जा. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, नाहीतर ग्लुकोजची पूड द्या. बिस्किट, चॉकलेट, पेढा नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. मग पुढचं जेवण लांब असेल तर काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. माझ्या पिशवीत, पदराला आणि उशाशी आता साखरेची पुडी असते. ती पुडी आहे हे माहीत असल्यानेच माझी भीती कमी झाली. यंत्र दहा वेळा टोचून जे झालं नाही, ते पुडीने केलं.

आणि हेही समजून घ्या की साखर उतरण्याचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. नुसती मेटफॉर्मिनची गोळी असेल तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. इन्शुलिन असेल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या असतील, तर उतरू शकते. म्हणून आपल्या गोळीचं नाव विचारा. 'पांढरी गोळी, गुलाबी गोळी' एवढ्यावर राहू नका. विचारणं हा आपला हक्क आहे, डॉक्टरांचा वेळ खाणं नव्हे.

आता त्या आकड्याबद्दल. मी शिक्षिका, म्हणून मला आकडा म्हणजे गुण वाटत होते. काठावर पास, नापास. पण आकडा ही नुसती माहिती आहे. ताप मोजतो तेव्हा १०२ आला म्हणून आपण स्वतःला वाईट म्हणतो का? शिवाय ते यंत्रही काही देववाणी नव्हे. घरी वापरायच्या यंत्रांना आंतरराष्ट्रीय मानकातच शेकडा १५ पर्यंत फरक मान्य आहे. म्हणजे यंत्र १६० दाखवतं तेव्हा खरी साखर १४० असू शकते, १८० सुद्धा असू शकते. मी १६५ आणि १७५ मधल्या फरकावर रात्री रडत होते! आणि आधी हात धुवा. फळ चिरलेल्या बोटाला टोचलं तर आकडा उगीच वाढलेला दिसतो. हे मला स्वतःला आंब्याच्या दिवसांत कळलं. आंबा खाल्ला नव्हता, नुसता नातवाला चिरून दिला होता.

आता मी दहा वेळा टोचत नाही. काहीतरी विचारायचं असेल तेव्हाच मोजते. माझा प्रश्न असा होता, मी भाकरी खाऊ शकते का? मग जेवणाआधी मोजलं आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजलं. एक दिवस दोन भाकरी आणि बटाट्याची भाजी. दुसऱ्या दिवशी एक भाकरी, मटकीची उसळ आणि वाटीभर मेथी. दुसऱ्या दिवशी आकडा कितीतरी कमी. भाकरी दोन्ही दिवशी होतीच. तेव्हा कळलं की भाकरी शत्रू नाही, प्रश्न किती आणि कशाबरोबर एवढाच आहे. भाताचंही तसंच. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने १९९४ सालीच साखरेवरची सरसकट बंदी सोडून दिली होती. एकूण पिष्टमय पदार्थ किती, याला त्यांनी महत्त्व दिलं. आपल्याकडे मात्र अजून 'बंद'ची यादीच चालते. आणि एकीकडे भात बंद म्हणणारे दुसरीकडे 'गूळ चालतो, मध चालतो' म्हणून सांगतात. तसं नाही. गुळानेही साखर वाढते, मधानेही वाढते. उपवासाच्या साबुदाण्याने तर झपाट्याने वाढते.

साधं सांगायचं तर अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ, उसळ, अंडं किंवा मासे, आणि पाव ताट भाकरी किंवा भात. आता तुम्ही म्हणाल, ताई, अर्धं ताट भाजीचं कुठून आणायचं? भाजी परवडते का? बरोबर आहे. रेशनवर आपल्याला गहू-तांदूळ मिळतो, मेथी मिळत नाही. मग त्या बाईला 'पथ्य पाळत नाही' म्हणून रागावणं, ही डॉक्टरांची सोय आहे. जी घर चालवते, तिच्या ताटात काय पडतं हे तिच्या इच्छाशक्तीवर ठरत नाही. ते बाजारावर, मजुरीवर आणि घरातल्या पंगतीवर ठरतं.

माझ्या ओळखीची एक घरकामगार मैत्रीण आहे. सहा घरची धुणीभांडी करते. सकाळी गोळी घेऊन सातला निघते आणि घरी येऊन जेवते तीन वाजता. मधे चहा, तोही मालकिणीच्या मर्जीने. अकराच्या सुमाराला तिला रोज घाबरं व्हायचं. सगळे म्हणायचे, हिला टेन्शन आहे, भित्री आहे. तिला ग्लिमेपिराइड होती आणि पोटात काही नव्हतं. तिची भीती खरी होती, तिचं शरीर खरं बोलत होतं. आता ती रुमालात भाकरी बांधून नेते आणि तिसऱ्या घरी पायरीवर बसून खाते. पहिल्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, 'हे काय?' ती म्हणाली, 'माझं औषध आहे.' मला तिच्याकडून शिकायला मिळालं. मी साखरपुड्यात जे बोलू शकले नाही, ते ती पायरीवर बसून बोलली.

दुसरी एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. नवव्या वर्षापासून तिला इन्शुलिन घ्यावं लागतं. तिचं शरीर इन्शुलिन तयारच करत नाही. आई सांगते, कुणाला बोलू नको, लग्न जमणार नाही. म्हणून ती संडासात जाऊन इंजेक्शन घेते. पाहुणे यायचे असले की घेतच नाही. आणि एकदा तिने मला हळूच सांगितलं, 'इंजेक्शन चुकवलं की वजन उतरतं, म्हणून मी मुद्दाम चुकवते.' मैत्रिणींनो, हे जिवावरचं आहे. इन्शुलिन चुकलं तर अशा मुलीच्या रक्तात आम्ल साठतं आणि एक-दोन दिवसांत ती बेशुद्ध होऊ शकते. १९२२ साली टोरोंटोत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचत नव्हती. ज्या औषधाने मुलगी जगते, ते औषध लग्नासाठी लपवायचं! ही भीती त्या मुलीच्या डोक्यातून आलेली नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून तिच्या डोक्यात घातली आहे. तिला 'घाबरू नको' म्हणून उपयोग नाही. तिच्या आईशी बोलावं लागेल, आणि बारीक, गोरी, निरोगी मुलगी मागणाऱ्या सगळ्यांशी बोलावं लागेल.

बायकांच्या बाबतीत आणखी एक सांगायचं आहे. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी तुम्ही ऐकली असेल. ती रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून करतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्तस्राव खूप होत असेल तर कमीही येऊ शकतो. म्हणून हा आकडा बघताना 'माझं हिमोग्लोबिन किती आहे तेही बघा' असं सांगायचं. नाहीतर रक्तक्षयाची शिक्षा पथ्याच्या नावाने भोगायची.

आता थोडं आपल्याबद्दल, म्हणजे आपल्या चळवळीबद्दल. रागावू नका. आपल्या शिबिरात चहा कसा असतो? साखर घालून उकळलेला. जेवण किती वाजता? छापलेलं असतं एक, मिळतं तीन वाजता, कारण ठराव राहिलेले असतात. 'जरा थांबा ना ताई, एवढं सत्र संपू दे.' मी आपल्याच शिबिरात दोनदा पिशवीतली साखर खाल्ली आहे, गुपचूप, खांबाआड. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क म्हणून आपण घोषणा देतो आणि त्या शरीराला भूक लागते हे विसरतो. म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. कार्यक्रमात जेवण वेळेवर, भाषण अर्धं राहिलं तरी चालेल. बिनसाखरेचा चहा वेगळा. आणि कुणी डबा उघडून मधेच खायला बसली तर तिच्याकडे वळून बघायचं नाही.

आमच्या वस्तीत आम्ही सात जणी दर पंधरा दिवसांनी बसतो. एक नियम आहे. आकडा सांगायचा, पण त्यावर कुणी 'अगं, काय खाल्लंस?' असं विचारायचं नाही. 'कशी होतीस?' असं विचारायचं. दुसरा नियम, 'पाप केलं', 'चोरून खाल्लं', 'पथ्य मोडलं' हे शब्द वापरायचे नाहीत. 'पुरणपोळी खाल्ली, अर्धी, तूप घालून, छान होती' असं म्हणायचं. सुरुवातीला हसायला यायचं. पण शब्द बदलले तसं मनही बदललं. ज्या दिवशी आपण चोरून खात नाही, त्या दिवशी आपण अधाशासारखंही खात नाही, हा आमचा सातही जणींचा अनुभव आहे. बसण्याच्या शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून श्वास घेतो. आत घेताना चार मोजायचे, बाहेर सोडताना सहा. यात जादू काही नाही, पण धडधड खाली येते आणि मग विचार करता येतो.

उपवासाबद्दल प्रत्येक ठिकाणी विचारतात. करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी करत नाही, माझी जाऊ करते. पण गोळी आणि इंजेक्शन रोजच्यासारखंच ठेवून निर्जळी किंवा दिवसभराचा उपवास करू नका. आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरातल्यांनी 'नवरात्र मोडलं' म्हणून तिला टोचू नये. ती रोज स्वतःला सुईने टोचते, तेवढं पुरे.

एक गंभीर गोष्ट. सगळी भीती गटात बसून जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल, जेवण टाकून देत असाल किंवा लपून खूप खात असाल, मुद्दाम औषध चुकवत असाल, जगणं नको वाटत असेल, तर ते एकटीने सोसू नका. मानसोपचार घेणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक, पैसे पडत नाहीत. वहीत लिहून घ्या. स्वतःला लागला नाही तरी शेजारणीला लागेल.

आणि मागण्या करायला शिकू या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होणं, हा सरकारचाच कार्यक्रम आहे. आशाताई त्यासाठी घरोघर अर्ज भरतात. पण तपासणी झाली, पुढे काय? इन्शुलिन केंद्रात नेहमी मिळालं पाहिजे. इन्शुलिन घेणाऱ्यांना पट्ट्या मोफत मिळाल्या पाहिजेत. आहाराचा कागद मराठीत पाहिजे, आणि त्यात भाकरी, आमटी, भात असं आपलं जेवण पाहिजे. आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे, 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' या प्रश्नाला पट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही. पुढच्या महिन्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं आहे, त्यात हे मुद्दे घालू.

माझी भीती पूर्ण गेली का? नाही. परवाही २१० आकडा आला तेव्हा पोटात गोळा आला. पण मी वही मिटली, पाणी प्यायले, अंगणात वीस मिनिटं चालले आणि दुपारी वेळेवर जेवले. पूर्वी जेवले नसते. एवढाच फरक आहे, पण तो मला फार मोठा वाटतो. गेल्या मे महिन्यात त्याच पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. पंगत लांबली. मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, 'मला आधी वाढा. आणि जिला जिला भूक लागली असेल, तिनेही बसा.' आम्ही नऊ जणी बसलो. पुरुष बाहेर थांबले. काही कोसळलं नाही.

आता एक वाजायला पाच मिनिटं आहेत. संयोजकांनी जेवण एकला कबूल केलं आहे. प्रश्न असतील ते जेवताना विचारा. चला.